साबण लावलेला फुगा

सलूनवाल्याचा थोरला तसा हाताचा गुणी. बाप म्हणायचा, "गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं, की समजावं हात बसला." आणि याच्या हाताखाली माणसं झोपायची, तोंड उघडं टाकून, घरी पलंगावर झोपावं तशी.

मग दारू लागली. कशी लागली ते सांगण्यात राम नाही. तिच्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा उताराच्याच. एके सकाळी वस्तरा थरथरला आणि गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला चीर पडली. बापाने तुरटी लावली, हात जोडून माफी मागितली. मग मुलाच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि त्या जागी झाडू दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर पोराला बरं वाटलं असतं. त्या झाडूलाही तो जागला नाही, आणि शेवटी मामाने दंडाला धरून त्याला नशामुक्ती केंद्रात आणून सोडलं.

केंद्र सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. जरा सावरलेल्या पोरांना त्या दर रविवारी शेजारच्या वृद्धाश्रमात सेवेला नेत. "आपलंच दुखणं कुरवाळत बसलात तर ते लाडावतं," त्या म्हणायच्या. "उठा, दुसऱ्याची उशी सरळ करा." कोणाला काय येतं ते त्यांनी विचारलं, तेव्हा याने खाली बघत सांगितलं, "झाडू मारता येतो."

वृद्धाश्रमात गेला आणि बघतो तर म्हाताऱ्यांच्या दाढ्या छातीला टेकायच्या बेतात आलेल्या.

"आमचा सलूनवाला खांदा धरून बसलाय," खिडकीशेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले. आयुष्यभर एसटी हाकलेला ड्रायव्हर, आता कंबरेने जागेवर बसवलेला. "त्याच्या एका खांद्यापायी आम्ही सगळे साधू झालो बघ."

पोराचा झाडू थांबला. इथे दाढ्या करायला कोण येतं हे त्याला ठाऊक होतं. खांदा गेल्याचं मात्र घरून कोणी कळवलं नव्हतं.

त्या आठवड्यात मावशींना त्याच्या गादीखाली फुगे सापडले. रंगीत, पाकीटभर.

"हे काय?"

"फुगे."

"ते दिसतंय. टूथपेस्टच्या नळीत काय काय लपवतात तेही बघितलंय मी. यात काय भरतोस?"

"हवा."

"मावशी, खरंच हवा असते," शेजारच्या खाटेवरचा म्हणाला. "मोरीत जाऊन फटाफट फोडतो. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला."

मावशी हसल्या नाहीत. पुन्हा काही सुरू झालं असेल तर सेवा बंद, बाहेर जाणं बंद, सगळं पहिल्यापासून. तेव्हा त्याला सांगावंच लागलं. नवा माणूस दाढी शिकतो ती फुग्यावर. फुग्याला साबण लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा, की फुग्याला कळूही नये. बापाने त्याला तसंच शिकवलं होतं. इथे वस्तरा कुठला, म्हणून तो प्लास्टिकच्या पट्टीची कड घासून वापरत होता.

"पट्टीवर कोण विश्वास ठेवणार," मावशी म्हणाल्या. कुलपातल्या कपाटातून त्यांनी खरा वस्तरा आणला, पातं लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसल्या.

पहिला फुगा फुटला. साबण मावशींच्या चष्म्यावर. त्यांनी तो पदराने पुसला आणि म्हणाल्या, "दुसरा फुगव."

दुसरा गुळगुळीत झाला. पोराने तो दिव्यासमोर धरून फिरवला. कुठे ओरखडा नव्हता. मावशी उठल्या. "रविवारी झाडू राहू दे."

पण फुग्याला गळा नसतो. रविवारी पोराने त्या आजोबांच्या गळ्याशी वस्तरा नेला आणि हात हवेतच राहिला. मावशी दाराशी उभ्या होत्या.

"काय रे, गाडी बंद पडली?" आजोबा डोळे मिटूनच म्हणाले. "दुपारी मुलगी यायचीय. बापाऐवजी अस्वल कोण बसवलंय म्हणेल."

"आजोबा, मी दारू प्यायचो," तो म्हणाला. "हात थरथरायचा. एकाचा कान फाडलाय मी."

आजोबांनी एक डोळा उघडला. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्या बाजूने सुरू कर."

तो हसला, आणि हसताना अडकलेला श्वास सुटला. डाव्या कानशिलावर त्याने अंगठा टेकवला, सैल कातडी वर ताणली आणि वस्तरा खाली आणला. साबणाखालून हळूहळू एक चेहरा वर आला. गालाच्या खळीत आजोबांनी आपणहून हवा भरली, फुग्यासारखी.

"हा अंगठा ओळखीचा आहे," अर्ध्या दाढीत ते पुटपुटले. "शिकलास कुणाकडे?"

"बापाकडे."

आजोबांनी दोन्ही डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं होय. खांदा कसा आहे त्याचा?"

"माहीत नाही, आजोबा."

दाढी झाल्यावर आजोबा दोन्ही तळव्यांनी गाल चाचपत राहिले, एखादा खुंट शोधत. सापडला नाही. मग पुढच्या खाटेवरच्याने हनुवटी पुढे केली, मग त्याच्या पुढच्याने.

केंद्रात भेटीचा दिवस आला तेव्हा व्हरांड्यात बाप बसलेला. हात गळ्यात बांधलेला, आणि दाढी वाढलेली. पोराने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. गावभरच्या दाढ्या करणारा हा माणूस, स्वतःचा गळा कधी कोणाच्या हाती देत नसे.

"खांदा?" पोराने विचारलं.

"दुखतो." बाप अंगणाकडे बघत होता. "वृद्धाश्रमात डोकावलो, तर म्हातारे सांगत होते काहीबाही. ड्रायव्हर तर फारच बोलतो."

"बोलतात ते."

मग बापाने गळ्यावरून हात फिरवला. "फार खाजतंय. इथे वस्तरा मिळेल?"

मावशींनी आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. पाणी आलं, साबण आला, आतून एक टॉवेल आला. बापाने मान मागे टाकली, आणि पोराने अंगठा टेकवला.

डाव्या गालापर्यंत बाप सूचना देत होता: "उलटा नको. पाणी घे." उजव्या गालाशी सूचना थांबल्या. पोराला वाटलं, काही चुकलं. त्याने वाकून पाहिलं.

बापाचं तोंड उघडं पडलं होतं. घोरत होता.