मांड्याचा डावा हात

माझी बायको वैजापूरची. लग्नात तिच्याबरोबर भांडीकुंडी आली, गाद्या आल्या, आणि पोत्यात भुसा भरून त्यात बसवलेलं एक मातीचं खापर आलं. बूड गोल, तोंड रुंद, चुलीवर पालथं घालायचं. मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळं बदल्या ठरलेल्या. टेम्पोत सामान चढवताना मी टीव्हीकडं लक्ष ठेवायचो आणि ती खापराकडं. टीव्ही दोनदा फुटला. खापराचा टवकासुद्धा उडालेला नाही.

तिच्या माहेराला खानदेश लागून आहे. अक्षय तृतीयेला ती माणसं आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी आमरसाबरोबर मांडे करतात. मांडा म्हणजे पुरणपोळीचंच भावंड, पण त्याला पोळपाट नाही की लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर ताणायचा, ताणत ताणत कोपरापर्यंत न्यायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. मनात मांडे खाणारे लोक पुष्कळ असतात. मी ते दर आखाजीला ताटात खाल्ले, आणि भरपूर खाल्ले.

ती मांडे करायला लागली की मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचो. तिला ते खपायचं नाही. "काय बघायलेत? नजर लागंल," म्हणायची. पण न बघणं मला जमायचं नाही. पीठ वस्त्रगाळ केलेलं. कणीक पाण्याचे हात मारत इतकी तिंबलेली, की उचलली तर स्वतःच्या वजनानंच खाली यायची. पुरणात डाळीचा एक कण राहिला तरी तिथून भोक पडतं, म्हणून ते चाळणीतून काढलेलं. मग गोळा उजव्या हातावरून डाव्या हातावर, डाव्यावरून उजव्यावर, असा फिरायचा आणि फिरता फिरता मोठा व्हायचा. शेवटी इतका पातळ, की खालून तिच्या हातावरचं गोंदण दिसायचं. कोणी सांगितलं नसतं तर मला वाटलं असतं, तो आपला आपणच वाढतो आहे.

मागच्या दिवाळीच्या थोडं आधी ती बाथरूममध्ये पडली. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यात वेळेवर पोचलो, डॉक्टर चांगले भेटले. बोलणं वाचलं, पाय हळूहळू चालता झाला. डावा हात मात्र मागं राहिला. हलतो, पण छातीच्या वर जात नाही आणि बोटांत पकड नाही.

मग बघायला येणारे सुरू झाले. या लोकांचं मला कधी कळलेलं नाही. बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, चहा पितात आणि आजारी माणसाला त्याच्यापेक्षा जास्त आजारी माणसाच्या गोष्टी सांगून जातात. प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं: "नशीब म्हणायचं, डावाच गेला." मी दारापर्यंत पोचवायला जाताना दात खायचो. ती मात्र सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायची. एकदा सगळे गेल्यावर उशीवर डोकं टेकून म्हणाली, "ह्यांना काय माहीत. मांडा एका हाताचा नसतो."

तेव्हा मला कळलं की ती कशाकडं बघत होती. भाजी चिरता येते का, वेणी घालता येते का, हे सगळं आम्ही मोजत होतो. तिच्या मनात एकच होतं.

संक्रांतीला तिची भावजय वैजापूरहून भेटायला आली. बाई मनानं चांगली, पण तिचा डोळा त्या खापरावर कधीपासूनचा. आता वैजापुरातसुद्धा तसं खापर मिळत नाही म्हणे, मिळतं ते चुलीवर ठेवलं की तडकतं. ती काही बोलायच्या आधी बायकोच म्हणाली, "वहिनी, ह्या आखाजीला एक तरी मांडा माझ्या हातानं अख्खा खापरावर पडला तर पडला. नाय तर खापर तुम्ही घेऊन जा. बिनवापराचं ठेवून काय करायचं."

भावजय बरं म्हणाली. मी उठून आत गेलो, कारण मला राग आला होता आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आजवर सबंध घर जिनं हाकलं, ती स्वतःलाच मुदत घालून देत होती. तिनं हार मानलेली मला बघवणार नव्हती, हे साधं सांगून टाकतो.

फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. तिनं टॉवेलचा व्यायाम सांगितला. एक टोक बायकोच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या हातात, आणि हळूहळू ओढायचं. एक दिवस ओढता ओढता बायको थांबली. टॉवेलकडं बघत राहिली.

"इकडं या," म्हणाली. "असं समोर नाय. माझ्या अंगाशी उभं ऱ्हावा. डाव्या बाजूला."

मी उभा राहिलो.

"आता तुमचा डावा हात पुढं करा. माझा हात जिथं असता तिथं."

केला. तिनं टॉवेल ओला करायला लावला, पिळून माझ्या हातावर टाकला आणि उजव्या हातानं दुसरी बाजू उचलली. "मी दिला की घ्या. मी म्हणलं द्या, की द्या. मधी डोकं चालवू नका."

सगळी नोकरी मी लोकांना हुकूम सोडण्यात घालवली. कालव्यावर माझ्या आवाजाला मजूर दचकायचे. आता रोज दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघरात माझी हजेरी लागायची आणि कानात एकच पालुपद: "घ्या. द्या. घ्या. अहो, घाई कशाची? गाडी चुकायली का तुमची?" टॉवेलचे दिवस संपले तशी ती पिठावर आली. गव्हाचं दळण मीच घेऊन जायचो. गिरणीत आधी ज्वारी दळलेली असेल तर आपलं पीठ खरखरीत होतं, म्हणून आधी मूठभर गहू टाकून ते वेगळं काढायला लावायचं, हे तिनं मला चार वेळा बजावलं होतं. गिरणीवाला म्हणाला, "काका, घरी लग्न हाय का काय?" मी म्हणालो, व्हय, माझंच.

बिनपुरणाचा पहिला गोळा आम्ही हातावर घेतला तेव्हा तो माझ्याच बाजूला फाटला. दुसरा फाटला. तिसरा फाटला. दर वेळी माझ्याच बाजूला. मी म्हणालो, कणीक नीट तिंबली नाही. तिनं माझा हात धरून उजेडात नेला, कणकेचे तुकडे सोलून काढले आणि कपाळावर हात मारला.

"अहो, केस!"

माझ्या हातावर केस भरपूर आहेत. कणीक त्यांना चिकटत होती आणि फिरवताना ओढली जाऊन फाटत होती. इतक्या वर्षांत घरात मांडे फक्त बाईच्या हातावर झाले, त्यामुळं ही अडचण कोणाच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. मी मुकाट्यानं दाढीचं सामान आणलं. तिनं समोर बसून, उजव्या हातानं, मनगटापासून कोपरापर्यंत माझा डावा हात सफाचट केला. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पडल्यापासून ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. मी दुसरा हातसुद्धा द्यायला तयार होतो.

सकाळच्या फिरण्यात माझा एक जुना सोबती असतो, जुन्या शहरातल्या रोशन गेटकडून आमच्या गारखेड्यात राहायला आलेला. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मला बघून तो रस्त्यातच थांबला. "क्या मियाँ, एकीच हाथ का ब्याह है क्या?" मी सगळं सांगितलं. त्यानं माझा हात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "हमारे दावतों में भी मांडे बनते, मगर मर्द बनाते. भाभी को बोलो, आखाजी को मेरे वास्ते एक रखना. फटा हुआ भी चलेगा." दुसऱ्या दिवशी त्यानं येताना बाभळीची वाळलेली फाटी आणून दिली, कारण गॅसवर मांडा होत नाही हे त्याला माहीत होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. सासरचं सगळं सांभाळून, रजा टाकून आली होती. आल्या आल्या पिशवीतून दोन डबे काढले. पुण्यात कोणी बाई घरगुती मांडे करून विकतात, तिनं मुद्दाम सांगून करवून घेतले होते. "आई, आता तू अजिबात काही करायचं नाहीस. नुसतं बसून खायचं."

पोरीचा जीव आईवर, यात शंका नाही. पण त्या क्षणी मला ते डबे गच्चीवरून फेकावेसे वाटले. बायकोनं डबे हातात घेतले, झाकण उघडून एक मांडा बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "चांगले केलेत बाईनं. पातळ हायेत." मग डबे ओट्यावर ठेवले आणि डाळ भिजत घालायला गेली. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी माझा बिनकेसांचा हात वर करून दाखवला. तिला काही कळलं नाही, साहजिकच आहे.

आखाजीच्या सकाळी नळाला पाणी यायचा दिवस होता, म्हणजे अर्धी कॉलनी मोटारींच्या आवाजानं जागी. पितरांची घागर पुजून झाली. मी मागच्या अंगणात विटांची चूल मांडली, मुलीनं फाटी लावली, खापर पालथं घातलं. बायकोनं पाण्याचा हात झटकून खापर तापल्याची खात्री केली. थेंब नाचले. मग तिनं पदर खोचला आणि गोळा उचलला.

पहिल्या मांड्याला मी घाई केली. "द्या" ऐकायच्या आधीच दिलं. मधोमध चीर गेली, पुरण माझ्या चपलेवर पडलं.

मुलगी चुलीजवळून उठली. "आई, राहू दे ना ग. मी आणलेत ना. कशाला त्रास करून घेतेस?"

बायकोनं हाताला चिकटलेली कणीक झटकली. ती दमली होती. उभं राहून तिचा डावा पाय थरथरत होता, मला ते बाजूनं कळत होतं, कारण तिचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, बरं. मला वाटलं, खापर गेलं.

"दुसरा गोळा दे," ती मुलीला म्हणाली.

मुलीनं डोळे पुसले आणि दिला.

"घ्या," ती मला म्हणाली. घेतला. "द्या." दिला. तिचा आवाज हळू होता, अंगाई म्हणताना असतो तसा. घ्या. द्या. मांडा तळहाताएवढा होता तो ताटाएवढा झाला. मनगटावरून पुढं सरकला. कोणाच्या हातावरून कोणाच्या हातावर चालला आहे ते मला कळेनासं झालं. ओलसर, थंड, जड आणि तरी हलका. तिच्या कोपरापर्यंत गेला, माझ्या कोपरापर्यंत आला. खालून तिचं गोंदण दिसायला लागलं.

"आता चला खापरावर."

दोन पावलं आम्ही एकत्र टाकली. खापराची धग तोंडाला लागली. आता दोघांनी हात एकाच वेळी तिरपे करून मांडा सोडायचा होता. एवढंच उरलं होतं, आणि माझा हात हलेना. सुटला आणि वाकडा पडला तर? चुरगळला तर? तिनं मनाशी धरलेली ही एकच गोष्ट माझ्या हातून जायची, या भीतीनं मी तो मांडा धरून तसाच उभा राहिलो.

"सोडा," ती म्हणाली.

मी सोडला नाही.

"अहो, जळंल हात. सोडा."

"पडला तर?" मी म्हणालो.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. इतक्या जवळून आम्ही बऱ्याच दिवसांत एकमेकांकडं बघितलं नव्हतं.

"पडला तर पडला," ती म्हणाली. "मी पडले तवा टाकून दिलं का तुम्ही मला?"

मी हात तिरपा केला. तिनंही केला. मांडा खापरावर उतरला, जरासा वाकडा, एक कड खाली लोंबलेली, पण अख्खा. बघता बघता त्यावर फोड आले आणि पुरणाचा वास सुटला. मला समोरचं नीट दिसेना, आणि ते धुरामुळं नव्हतं. तिनं उजव्या हातानं लोंबलेली कड उचलून सारखी केली, आणि मुलीकडं न बघताच हात मागं केला, पुढच्या गोळ्यासाठी.