वाघाला माणूस दिसावा अशी सायकल

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या साडभाऊंचा हात धरेल असा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत सोडाच, अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून सुखरूप निवृत्त झाले, गडचिरोलीत घर बांधलं, मुलं मार्गी लागली. म्हणजे काळजी करण्यासारखं काही उरलं नाही, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नाही. "सगळं बरं चालून राह्यलं, मास्तर," ते फोनवर दबक्या आवाजात मला सांगतात, "मले काई हे लक्षण ठीक वाटून नाई राह्यलं." लग्नात जेवायला बसतील तर मांडवाच्या अगदी कडेला, खांबापासून दूर, मांडव कोसळलाच तर ताट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून. एसटीत चढण्याआधी गाडीला प्रदक्षिणा घालून चाकं बघतात आणि मग ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून विचारतात, "भाऊ, रातच्याले झोप झाली न नीट?" एकदा एका ड्रायव्हरनं हसून सांगितलं, "झाली ना भाऊ! आता तुमी झोपा निवांत." साडभाऊ कसले झोपतात! पुढच्या सीटवर बसून वाटभर ते आरशात त्याच्या पापण्या मोजत राहिले. शेवटी मूल गावच्या स्टँडवर त्या बिचाऱ्यानं कंडक्टरला हाक मारली, "या माणसाले मांगं बसव, नाई तं मी गाडी नाई काढत."

पण या सगळ्या फुटकळ काळज्या. खरी काळजी एकच, आणि ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. साडभाऊ तिला 'बाई' म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा या बाईनंच त्यांना कडेवर वाढवलं. ती राहते जंगलातल्या एका लहानशा गावात, गडचिरोलीपासून डांबरी सडकेनं फाट्यापर्यंत आणि मग आत दगडधोंड्यांच्या रस्त्यानं. नवरा गेला, मूलबाळ नाही, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण गाव सोडायचं नाव काढत नाही. "विहाराची किल्ली माह्यापाशी हाय. मी आली तं झाडझूड कोण करन?" हे तिचं ठरलेलं उत्तर. साडभाऊ दर इतवारी मोटारसायकलनं तिच्याकडे जायचे. मग त्यांच्या कमरेची चकती सरकली. मोटारसायकलवर बसलं की आतल्या रस्त्यावरचा एकेक दगड त्यांना मणक्यात वाजायचा, एकदा तर फाट्यावरूनच लोकांनी उचलून घरी आणलं. चारचाकी तिकडच्या नाल्यात उतरत नाही, ऑटोवाले नको म्हणतात, आणि पायी जायचं तर मध्ये जंगल. पावसाळा संपला, हिवाळा अर्धा सरला, बहीणभावाची भेट नाही. बाईच्या फोनला फक्त विहाराच्या पायरीवर रेंज येते, तीही तिच्या मर्जीनं. साडभाऊ अर्धे झाले. "ते म्हणते बरी हाय," ते मला म्हणाले, "पण बरी नसली तरी ते हेच म्हणन न, मास्तर?"

तेवढ्यात कमरेच्या व्यायामासाठी ज्या मॅडमकडे ते जायचे त्या म्हणाल्या, सायकल चालवा, फक्त धक्के बसू देऊ नका. झालं! साडभाऊंनी मोबाईलवर सायकलींचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि जगात पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगवाली सायकल असते, असा शोध लावला. डोंगर उतरतानाही म्हणे बसणाऱ्याच्या कमरेला कळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात ते चंद्रपूरला माझ्या दारात हजर. "जय भीम, मास्तर. चला."

आता सायकल घ्यायला गेलेला माणूस काय विचारेल? ब्रेक कसे, गिअर किती, गंजते का. साडभाऊंनी दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या विचारलं, "याच्यावर बसलेला माणूस मांगून कसा दिसते?" दुकानवाले चाचा जुने, गमत्ये, साऱ्या जन्मात त्यांनी हजारो सायकली विकल्या असतील, पण हा प्रश्न त्यांना नवा होता. मला मात्र अर्थ लगेच कळला. सरपण गोळा करताना, मोहफुलं वेचताना वाकलेल्या माणसावरच वाघ झडप घालतो, उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आणि या डोंगरी सायकलींवर बसायचं म्हणजे थोडं पुढे वाकावंच लागतं. साडभाऊंच्या डोक्यात बसलं होतं की वाकून पायडल मारणारा माणूस मागून डिट्टो हरणासारखा दिसत असणार.

नुसतं डोक्यात बसून ते थांबले नाहीत. दुकानासमोरच्या रस्त्यावर त्यांनी एकेक सायकल चालवून बघायची ठरवली आणि मला हुकूम केला, "मास्तर, तुमी तिकडे त्या स्कुटरमांगं उकिडवे बसा. वाघाच्या उंचीवर या. अन् इमानदारीनं सांगा." मी शाळामास्तर माणूस. चंद्रपुरात चार रस्ते गेलो तर दोन माजी विद्यार्थी भेटतात. पण काय करता, नात्यानं पडले साडभाऊ! बसलो उकिडवा. साडभाऊ समोरून गेले. "काय दिसलो? हरीण का माणूस?" "साडभाऊ दिसलात," मी म्हणालो. "असं नाई चालत. वाघ मले ओळखते काय?" पुन्हा दुसरी सायकल, पुन्हा मी स्कुटरमागे. माझा एक जुना विद्यार्थी थांबून "सर, काई हरवलं का?" विचारून गेला, आणि त्याला काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही.

शेवटी त्यांची नजर भिंतीला लावलेल्या सगळ्यात मोठ्या सायकलीवर गेली. चाचा म्हणाले, "भाऊ, ये लार्ज हाय. उंच्या माणसाची. तुमाले स्मॉल लागन." साडभाऊंची उंची बेताचीच. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. जितकी मोठी सायकल, तितका माणूस उंच, आणि जितका उंच तितका वाघ लांब. ते कसेबसे दुकानाच्या पायरीवरून तिच्यावर चढले. चाचांनी खाली बघितलं. "पाय नाई टेकून राह्यले तुमचे." "टेकवाचे कायले?" साडभाऊ वरून म्हणाले, "जंगलात थांबते कोण?" या युक्तिवादापुढे चाचा हरले. मीही हात टेकले. लार्ज सायकल टेम्पोतून गडचिरोलीला गेली.

पुढचं मला माझ्या मेव्हणीकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, फोनवर कळत गेलं. सायकलीवर चढायला ओटा लागायचा आणि उतरायला भिंत. साडभाऊ निघायचे ते परत येईपर्यंत थांबायचेच नाहीत. चौकात कोणी "काय भाऊ, बरं हाय न?" विचारलं तर त्याच्याभोवती गोल गोल फिरत उत्तर द्यायचे. एकदा ओळखीचं कंपाउंड सापडेना तेव्हा पोलीस कॅम्पच्या भिंतीला हात लावून उभे राहिले; तिथल्या शिपायाला तासभर ओळख पटवावी लागली. आणि मुख्य म्हणजे कंबर जास्तच दुखायला लागली. हँडल इतकं लांब, की ते गाठताना साडभाऊ पुरते आडवे व्हायचे, दोरीवर वाळत घातलेल्या सतरंजीसारखे. मेव्हणी सांगताना हसत होती, आणि हसता हसताच एकदम थांबली. "काल मी ओसरीतून मांगून पाह्यलं, भाऊजी. खरंच सांगू, हरीणच वाटले. अन् आता ते म्हणून राह्यले का कंबर असो का नसो, येत्या इतवारी बाईकडे जातोच. तुमी काई तं करा."

मी काही तरी केलं, म्हणजे त्यांना सायकलीसकट चंद्रपूरला बोलावून पुन्हा चाचांच्या दुकानात नेलं. चाचांनी कुरकुर केली, पण सायकल परत घेतली. साडभाऊंचा जीव अजून स्मॉलवर बसत नव्हता. "स्मॉल म्हंजे पोराईची न?" चाचा वैतागले. "भाऊ, चप्पल घेता तवा पाय पाहता न? का वाघाले दाखवाले मोठी घेता?" साडभाऊंनी खाली आपल्या चपलांकडे बघितलं. मग त्या दुपारी चाचांनी त्यांना कपडे शिवायला घेतल्यासारखं मापून काढलं. स्मॉल सायकलीच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं केलं. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट वर घेतली. हँडल वर उचललं, जवळ आणलं, तेव्हा साडभाऊंची पाठ कुठे माणसासारखी झाली. मागच्या शॉकरमध्ये हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनावर भरावी लागते. जास्त झाली की दगड थेट कमरेत. म्हणून चाचा म्हणाले, "बहनीकडे जे घेऊन जाता ते सगळं पाठीवर घ्या, मंग बसा." साडभाऊंच्या पिशवीत सारं तयारच होतं. डोळ्यांचे थेंब, बॅटरीचे सेल, सुक्या झिंग्यांची पुडी, कुकरची रिंग, एक गरम शाल. बहुधा महिनोन्‌महिने ती पिशवी तशीच भरलेली असावी. ती पाठीला लावून ते दुकानाच्या मधोमध सायकलीवर ताठ बसले, चाचांनी हवा भरली, आणि हसायला आलेला मी काही हसलो नाही.

त्या इतवारी मी मोटारसायकलनं त्यांच्या मागे होतो. बायकोची आणि मेव्हणीची तशी सक्त ताकीद होती. बाईला मात्र 'सायकलीनं येतो' एवढाच साडभाऊंचा निरोप आदल्या दिवशी फोनवर कसाबसा पोचला होता. फाट्यावरून आत वळलो तशी वनखात्याची पाटी लागली, वाघाचा वावर असल्याची. साडभाऊंनी जी घंटी वाजवायला सुरुवात केली ती काही थांबवली नाही. "मास्तर, बोलत राहा! काईबी बोला, जोरानं!" भीतीनं मला काही सुचेना, म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलो. या पाढ्यानं वर्गातली पोरं पळायची, वाघ का नाही पळणार? दोन्हीकडे साग उभा, पाचोळ्यात जरा खसफस झाली की माझा पाढा पुन्हा पहिल्यापासून. नाला आला. साडभाऊ दगडांवरून खाली गेले आणि पलीकडे वर चढले, आणि तिथून त्यांची हाक आली, "अजी मास्तर! कमरेले समजलंच नाई!" इतका आनंदी आवाज मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

पुढच्या वळणावर त्यांनी गचकन ब्रेक लावले. पाय टेकले, बरोबर टेकले. समोरून ठणठण असा आवाज येत होता. भर रस्त्यात, जंगलाच्या मध्ये, एक वाळकी म्हातारी स्टीलचं ताट आणि उलथणं घेऊन उभी होती आणि जिवाच्या आकांतानं ताट बडवत होती. गाव अजून बरंच लांब होतं.

"बाई!" साडभाऊ ओरडले. सायकल तशीच टाकून ते धावले. "तुले अक्कल हाय का? एकटी कायले आली इथवर? डोयानं दिसत नाई तुले, वाघ हाय इथी!"

"तू एकटा येऊन राह्यला होता म्हणून," बाई म्हणाली. तिनं हातानं चाचपून त्यांचा चेहरा पाहिला, खांदे पाहिले, कंबर पाहिली. "वाळला रे बापू तू."

घरापर्यंत दोघं भांडत गेली. ती म्हणे तू येऊ नको, ते म्हणत तू गाव सोड. एका हातानं साडभाऊ सायकल ढकलत होते, दुसऱ्या हातात बाईचा हात होता. चहा झाला, पिशवी रिकामी झाली, शाल तिनं तिथल्या तिथे अंगावर घेतली. निघताना बाई पुन्हा म्हणाली, "पुढच्या इतवारी येजो नको बरं. मले लय घोर लागते." "बरं," साडभाऊ म्हणाले. "काय आणू मंग?" तिनं जरा विचार केला. "सुपारी संपली."

साडभाऊ त्या दिवशी तिथेच मुक्कामाला राहिले. उन्हं असतानाच मी एकटा परत निघालो. माझीही एक मोठी बहीण होती. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. घरी बायको आहे, पोरं आहेत, सारी मायेची आहेत, माझी कुरकुर कशालाच नाही. पण त्या सागाच्या जंगलातून एकटा येताना मला वाघाची भीती मुळीच वाटली नाही. गाडी हळू चालवत मी नुसता ऐकत होतो, पुढच्या वळणावर कोणी ताट वाजवतंय का म्हणून. माझ्या बहिणीइतकं माझ्यासाठी भिणारं आता या जगात कोणी राहिलेलं नाही, आणि ते मला त्या रस्त्यावर फार लागलं.