नऊ नंबर मागे

फुटबॉलच्या डावपेचांचा इतिहास कोणी लिहिला, तर त्यात हंगेरीनंतर भोसरीचे नाव घ्यावेच लागेल. आमच्या मैदानाला एकच गोलपोस्ट होता, ही बाब वगळावी.

सोनकांबळे मामा मूळचे लातूरकडचे, आमच्या कारखान्यात कंत्राटी टर्नर. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते टेबलावर नट आणि वॉशर मांडत. नट आपले, वॉशर समोरच्यांचे. हंगेरीच्या एका जुन्या प्रशिक्षकावर त्यांचा भारी जीव. त्याने नऊ नंबरला, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य खेळाडूला, समोरच्यांच्या गोलपुढून उचलून मधल्या फळीत आणले होते. त्याला अडवणाऱ्याची पंचाईत झाली: मागोमाग जावे तर गोलपुढे भगदाड, थांबावे तर नऊ नंबर मोकळा.

"पुढं पळणाऱ्याला समदे बघतेत," मामा म्हणत. "जागा करून देणाऱ्याला कोण बघायलंय?"

आमचा नऊ नंबर मी होतो.

कंपन्यांच्या स्पर्धेआधी मनुष्यबळ खात्याचे साहेब म्हणाले, "मामा, कप आणा, तुम्हाला कायम करतो." मग टेबलावरची मांडणी पाहून ते भडकले. "नऊ नंबर मागे? अहो, गेटवर काय लिहिलंय? 'सदैव पुढे'!"

"गेट खेळणार असंल तर ठिवू की पुढं, साहेब."

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. अंतिम सामन्याच्या दिवशी मामांना दुसरी शिफ्ट लागली.

मामा लेथवर उभे होते, आणि आम्ही त्यांच्याच मांडणीने तीन-एक जिंकलो. कपासोबतच्या फोटोत अकरा खेळाडू आणि चौदा अधिकारी आहेत. पुढे साहेबांनी संचालकांसमोर 'माझी व्यूहरचना' यावर भाषण केले. नट-वॉशरही मांडले, तेही उलटे: नट समोरच्यांचे. टाळ्या पडल्या. साहेबांना बढती मिळाली. मामांची फाइल 'वर' गेली आणि वरच राहिली.

मी चिडून साहेबांना जाब विचारायला निघालो, तर मामांनी हात धरला. "आपण जागा केली, राव. पळू दे त्याला."

हे मोठेपण मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. बचावपटूला फसवण्यासाठी केलेली जागा साहेबांना का द्यायची?

गेल्या महिन्यात मामा कामावरच कोसळले आणि गेले. शोकसभेत साहेब गहिवरले: "मामा आमच्या परिवाराचा अविभाज्य भाग होते." हार घालायला फोटो हवा होता. कपाच्या फोटोत मामा नव्हते, म्हणून गेटपासवरचाच मोठा करून आणला होता. हाराखालून कोपऱ्यातला लाल शिक्का स्पष्ट वाचता येत होता: 'तात्पुरता. मुदत ३१ मार्चपर्यंत.'