कांबळे काकांचं व्हायोलिन आणि आमचा रिकामा हॉल

कांबळे काका काल गेले.

तुम्ही बदलापूर, अंबरनाथ नाहीतर उल्हासनगरचे असाल तर त्यांना नक्की ऐकलंय. बघितलं मात्र नसेल.

गणपतीत, भीमजयंतीला, कुणाच्या तरी हळदीला आपल्याकडे जो ऑर्केस्ट्रा यायचा ना, त्यात गायकाच्या मागे, स्पीकरच्या आडोशाला व्हायोलिन घेऊन बसलेले ते काका. चाळीस वर्षं.
दिवसा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर, सुट्टीला स्टेजवर.

बदलापुरात बेलवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्याला, आम्ही वर. मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार आणि काका उत्तरं द्यायला कधी कंटाळायचे नाहीत. त्यामुळे आमचं जमायचं.

गेल्या वर्षी आम्ही सोनिवलीत फ्लॅट घेतला. चावी मिळाली त्याच रविवारी काका-काकूंना दाखवायला नेलं.
लोक टाइल्स बघतात, किचन बघतात, पाणी किती वेळ येतं विचारतात.
काका हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली.

एकच. मग मान वाकडी करून ऐकत राहिले.

"पल्लवी, फर्निचर कधी येतंय?"
"पुढच्या आठवड्यात."
"पंधरा दिवस थांबव."

नीलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण मला कुठे राहवतंय!

"कशाला काका?"
"रिकाम्या खोलीत व्हायोलिन कसं वाजतं ते ऐकायचंय. माइक नको, गायक नको. आम्ही तिघं आणि समोर तुम्ही दहा-पंधरा जण. एकदा मला गाणं वाजवायचंय गं."
"अहो, तुम्ही आयुष्यभर गाणीच तर वाजवलीत!"
"मी पीस वाजवले. गाणं गायकाचं असतं."

पीस म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीचं आणि दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक. गायकाने तोंड उघडलं की काकांचा व्हायोलिनचा गज खाली. मी इतक्या वेळा त्यांना ऐकलं होतं आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

सोफेवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पण थांबवलं.

दोन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी सहा वाजता हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. ऑर्केस्ट्रातलेच तिघे आले. काका, अकॉर्डियनवर उल्हासनगरचे सिंधी लच्छू अंकल, ज्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि तबल्यावर अंबरनाथचा सुभाष.
काका इस्त्रीच्या सफारीत. गजाला राळ लावून झाली तरी परत परत लावत होते.

एक जुनं मराठी गाणं होतं. नाव नाही सांगत, लगेच यूट्यूबवर पळाल.

सुरुवातीचा पीस वाजला. आई शप्पथ, अंगावर काटा! स्पीकरमधून कधी असं ऐकूच आलं नव्हतं. गज तारेवर घासल्याचासुद्धा आवाज येत होता.

मग पीस संपला.
आणि काकांचा गज सवयीने खाली आला.

सुभाषचा ठेका चालू. लच्छू अंकलचे सूर चालू. काका व्हायोलिन मांडीवर ठेवून शांत बसलेले, समोर बघत. आम्हाला वाटलं, असंच असेल काहीतरी.

किचनच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, वाट कुणाची बघताय? गाणाऱ्याला बोलावलेलंच नाही!"

सगळे फुटले. काका लाजून लाल.
"परत घेऊ," म्हणाले.

परत पीस. परत तीच जागा. आणि परत गज खाली!
या वेळी कुणी हसलं नाही. काका स्वतःच्याच हाताकडे बघत होते, हा कुणाचा हात आहे, असं.

लच्छू अंकल डोळे मिटून सूर धरूनच हळूच म्हणाले, "उठाओ साईं. आज आप ही का गाना है."

काकांनी व्हायोलिन उचललं. अर्धी ओळ निघून गेली होती. त्यांनी ती अर्ध्यातूनच पकडली.
आणि मग सोडली नाही. मुखडा, पहिलं कडवं, दुसरं कडवं. शेवटपर्यंत.

मी रडले. नीलेशही रडला, तो कबूल करणार नाही.

चहा घेताना मी विचारलंच. "काका, वाजवताना शब्द मनात म्हणत होतात का?"
ते हसले. "अगं, हे गाणं मी या पंधरा दिवसांतच पहिल्यांदा ऐकलं."
"काय सांगता! हे तर तुमच्या प्रत्येक प्रोग्रॅमला असायचं!"
"असायचं ना. पण गायक गात असतो तेव्हा आम्ही मात्रा मोजत असतो. आपली एन्ट्री चुकली की बोंब. तो काय गातोय, तिकडे लक्ष कुणाचं?"

चाळीस वर्षं गाण्यांच्या मधोमध बसून या माणसाने गाणी ऐकलीच नव्हती.

त्यानंतर ते ऐकत सुटले. एकेक गाणं, शब्दांसकट. मी ऑफिसात असताना फोन यायचे.
"पल्लवी, त्या गाण्यातली मुलगी नवऱ्याला नाही गं, बापाला हाक मारतेय! तुला माहीत होतं?"
"सगळ्यांना माहीत आहे काका."
"मला नव्हतं ना!"
त्यांना इतका आनंद झालेला असायचा की मीही ते गाणं परत लावून ऐकायचे.

आज सकाळी काकू सांगत होत्या. दवाखान्यात परवा संध्याकाळी काका कानाला मोबाईल लावून पडले होते. नर्स इंजेक्शन द्यायला आली आणि तिने मोबाईल बाजूला घ्यायला हात पुढे केला.
काका तिला म्हणाले, "थांब ना पोरी. कडवं संपू दे."
ती थांबली म्हणे. त्या पोरीचे फार उपकार आहेत.

काका, तुमची कितीतरी गाणी ऐकायची राहिली. मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

मनापासून आदरांजली. जयभीम, काका.