शेखमास्तरांची मूठ

शेखमास्तर गेल्याची बातमी कामशेतहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या मुलांनी आणली. महिना होऊन गेला, तरी लिहायला हात धजत नव्हता…

लोणावळ्याच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते इंग्रजी. आमचे वर्ग शेजारी-शेजारी. मराठीच्या सवयीने मुलं क्रियापद वाक्याच्या शेवटी शोधायची. "अरे, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येतं. आधी त्याला धरा, बाकीचे शब्द आपोआप सापडतील!" मास्तरांचा आवाज भिंतीपलीकडून माझ्या वर्गात यायचा.

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला मफलर गुंडाळून ते परतले, तेव्हा शाळेच्या कमिटीत कुजबुज सुरू झाली : बोलता न येणारा माणूस भाषा कशी शिकवणार? मास्तरांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'एक तास वर्गात येऊन बसा.'

मंडळी आली, मागच्या बाकावर बसली. मीही होतो. मुलांशी मास्तरांच्या खुणा ठरल्या होत्या. नामाला उघडा तळवा, क्रियापदाला मूठ. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'फार्मर्स वॉटर देअर फील्ड्स', आणि 'वॉटर'वर बोट ठेवलं. वॉटर म्हणजे पाणी. साऱ्या वर्गाचे तळवे उघडले. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि ते थांबले. कमिटीतले एकमेकांकडे बघू लागले.

वर्गातली एकमेव मुलगी, भातशेती करणाऱ्या घरातली हौसा, हळूच उभी राहिली. तिने मूठ वळली होती.

"गुर्जी, हितलं वॉटर म्हंजी पानी न्हाई. शेताला पानी देत्यात न्हवं, त्ये देनं हाय."

मास्तरांचे ओठ 'शाबास' म्हणाले. आवाज आला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. अध्यक्ष उठले. "चालू द्या, मास्तर," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी स्टेशनावर माझा हात धरून मास्तर रडले. त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

दुखणं पुन्हा उलटलं, तरी अंथरूण धरेपर्यंत त्यांनी वर्ग सोडला नाही. आता त्यांच्या जागी नवे मास्तर आलेत. त्यांचा आवाज खणखणीत आहे, शिकवतातही मन लावून. पण परवा मी त्या दारावरून जाताना पाहिलं… ते बोलत होते, आणि सगळी मुलं त्यांच्या हातांकडे बघत बसली होती.