कर्णिक सरांचा फोटो ऑफिसच्या अकाउंटवर का नाही

कर्णिक सर काल गेले, आणि आज सकाळी ऑफिसात माझं भांडण झालं.

त्यांच्याच फोटोवरून.

सर दिल्लीजवळच्या, एनसीआरमधल्या एका पाणीपुरवठा ऑफिसात (नाव नको, मला अजून नोकरी करायची आहे) रिटायरमेंटनंतर काँट्रॅक्टवर आले होते. मी त्यांची असिस्टंट. दोघंही मराठी, त्यामुळे बाकीच्यांबद्दल बिनधास्त कुरकुर करता यायची.

नव्वदच्या दशकात दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी गुडगावच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. लॉबीत मार्बल, दोन लिफ्ट, आणि नळाला पाणी नाही.

टँकर कधी येणार ते कोणी सांगायचं नाही. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, आपल्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेटवर उभ्या राहायच्या.

पाण्याची वेळ लोकांना आधी कळली पाहिजे, हा सरांचा हट्ट तिथला.

म्हणून त्यांनी ऑफिसचं अकाउंट एका वेगळ्याच नेटवर्कवर उघडलं. ते कुठल्या एका कंपनीचं नाही. कोणीही आपला छोटा सर्व्हर चालवावा, सगळे एकमेकांना जोडलेले. लॉगिन न करताही नोटीस वाचता येते.

आणि ज्याला जो नको, त्याला तो ब्लॉक करू शकतो. सरकारलासुद्धा.

हे आम्हाला लवकरच कळलं.

वरून ऑर्डर आली आणि मोठ्या साहेबांचा वाढदिवस, उद्घाटनं, हारतुरे, सगळे फोटो त्याच अकाउंटवर जाऊ लागले. आमचे बरेच वाचक गाझियाबादच्या एका रिटायर्ड टीचरबाईंच्या सर्व्हरवर होते. बाई वैतागल्या आणि त्यांनी आम्हाला अख्ख्या सर्व्हरवरूनच ब्लॉक केलं.

मग भर मे महिन्यात पाइपलाइन फुटली. पाणी बंद राहणार ही नोटीस त्या लोकांपर्यंत पोचलीच नाही. लोकांचे फार हाल झाले.

सरांनी बाईंना मेसेज लिहून माफी मागितली. यापुढे फक्त पाण्याची माहिती येईल, फोटो एकही नाही, असा शब्द दिला.

साहेब भडकले. "अब सरकार परमिशन माँगेगी?"

"सर, घर उनका है. घंटी तो हमें ही बजानी पड़ेगी."

बाईंनी ब्लॉक काढला.

सरांचं काँट्रॅक्ट नंतर रिन्यू झालं नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं ऑफिसचं म्हणणं आहे.

अकाउंट माझ्याकडे आलं. जाताना सर म्हणाले, "अगं, शब्द मी देऊन बसलो आणि पाळायचा तुला आहे. सॉरी हं."

त्या साहेबांच्या जागी आता मॅडम आहेत. आज सकाळी त्यांनी सरांचा हार घातलेला फोटो बनवून आणला आणि अकाउंटवर टाक म्हणाल्या. सर गेल्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मी नाही म्हटलं. आधी हळू, मग जरा मोठ्याने.

"उनके लिए भी नहीं?"

"मॅम, उनके लिए तो बिल्कुल नहीं."

मी जागेवर येऊन थोडी रडले, मग संध्याकाळच्या पाण्याची वेळ अकाउंटवर टाकली.

फोटो इथे लावते आहे. हे प्रोफाइल माझं स्वतःचं आहे, सर.

तुमचा शब्द मोडलेला नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली.