कासविणीचं माहेर

हारवाल्या मावशींच्या लेखी जगात बाया दोनच प्रकारच्या: कासवीण आणि धनेशीण. अकोल्यात त्या आमच्या शेजारी राहत. सकाळी देवळापुढे हार विकत आणि दुपारी झेंडूची टोपली घेऊन माझ्या टीव्हीसमोर ओवायला बसत. जनावरांचा कार्यक्रम लागला की सुई हवेतच थांबायची.

एकदा समुद्रातली कासवीण वाळूत अंडी घालताना दाखवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती जन्मली त्याच किनाऱ्यावर परत येते, हे ऐकताच मावशी म्हणाल्या, "पाह्य बाई, बाळंतपणाले माहेरीच आली."

मी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडची, म्हणजे सर्वज्ञ. "मावशी, ती रडत नाही. अंगातलं मीठ बाहेर टाकते."

"मंग आपण काय टाकतो, साखर?"

मग एकदा जंगलातला धनेश पक्षी लागला. मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, नर फटीतून घास भरवतो. मी नवऱ्यांच्या जातीला तो धडा म्हणून सांगत सुटले. मावशींना काही ते पटेना. "अन् तिची माय कुठी हाय?"

त्यांची एकुलती सुनीता तेव्हा बंगळुरूला होती, पहिलटकरीण. मावशींनी मागची खोली चुन्यानं रंगवली, बाज आवळून घेतली, डिंकाचे लाडू वळले. आणि सुनीताचा फोन आला. डॉक्टर प्रवास नको म्हणत होते, नवरा सुटी काढणार होता. "आई, तूच ये न इकडं."

"लेकीच्या घरचं पाणी पेत नाई आमी," मावशी म्हणाल्या. मी जा म्हटलं, तर उत्तर आलं, "कासवीण ढोलीत मावते का?" मग बराच वेळ सुईत दोरा जाईना. "जावई घास भरवते म्हणे. माही पोर धनेशीण झाली. बरं झालं." मी तोंड उघडायच्या आत डोळे पुसून म्हणाल्या, "मीठ हाय."

नात त्यांनी फोनवरच पाहिली. सुनीता दर वर्षी येते येते म्हणायची. मावशी दर हिवाळ्यात लाडू नव्यानं वळायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात, लाडू डब्यात भरले आणि त्या गेल्या.

तेराव्याला पुन्हा पोटुशी असलेली सुनीता त्याच बाजेवर बसली होती, नात मांडीशी. डबा उघडून एक लाडू हातात धरून म्हणाली, "काकू, या खेपेला मी इथंच राहते."

मी हो म्हटलं. धनेशिणीची माय कुठे आहे, हे मावशींनी लगेच विचारलं होतं. कासवीण किनाऱ्यावर परत येते तेव्हा तिची माय कुठे असते, हे विचारायचं मात्र आम्हा दोघींपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.